देव पारोसे ठेवता येत नाहीत

गुरुवार, १२ डिसेंबर २०२४

ग्वाल्हेरच्या फलाटावर उतरलो तेव्हा दिवस मावळत आला होता आणि थंडीने कानाच्या पाळ्या दुखायला लागल्या होत्या. काल संध्याकाळी पुण्याला झेलममध्ये बसलो होतो. बरोबर भाची. जन्म लीड्सचा, वय चोवीस. मराठी कळतं सगळं, पण बोलायला लागली की क्रियापदं मधेच लंगडतात. तिच्या आईचं आणि माझं आजोळ हे. मामा जाऊन बरीच वर्षं झाली, पण जनकगंजातलं घर आहे, मामी आहे आणि मामेभाऊ आहे. आजोळ शिल्लक आहे म्हणायला एवढं पुरतं.

भाचीच्या या सहलीमागे एक भांडण आहे. मार्च २०२१ मध्ये इंग्लंडची जनगणना झाली. घरचा फॉर्म तिच्या बाबांनी भरला आणि धर्माच्या रकान्यात चौघांसाठी 'हिंदू' टिचकी मारून मोकळे झाले. हिला कळलं तेव्हा हिने स्वतःचा वेगळा फॉर्म मागवला आणि 'कोणताही धर्म नाही' असं भरलं. बाबा आठवडाभर जेवायच्या टेबलावर गप्प. पुढे आकडे आले. इंग्लंड-वेल्समध्ये स्वतःला ख्रिश्चन म्हणवणारे पहिल्यांदाच निम्म्याच्या खाली गेले होते, ४६.२ टक्के. धर्म नाही म्हणणारे ३७.२. दहा वर्षांपूर्वी हेच आकडे ५९.३ आणि २५.२ होते. "त्या सदतीस टक्क्यांत मी एक," हे ती अजून अशा थाटात सांगते, जणू निवडून आली आहे.

आता तिला भारतात विचारत फिरायचं होतं. प्रश्न एकच: तुम्ही देव मानता का? गाडीत तिने समोरच्या बर्थवरच्या सरदारजींपासून सुरुवात केली होती. त्यांनी तिला संत्रं सोलून दिलं आणि विचारलं, "बेटा, घर में सब ठीक है?"

घरी पोचलो तर दाराशी रांगोळी आणि आत चौरंगावर घट. मार्गशीर्षातला गुरुवार आहे हे मी पुण्यात कॅलेंडरवर पाहिलं होतं आणि विसरलेही होते. मामी ब्याऐंशी वर्षांची. गुडघे संपलेत. तरी कलश, त्यात पाच डहाळ्या, वर नारळ, त्याला मुखवटा, गळ्यात मोत्याचा सर, सगळं जिथल्या तिथे. शेजारच्या तीन बायका आलेल्या. त्यातल्या दोघी हिंदी बोलणाऱ्या, पण महालक्ष्मीची कहाणी त्या मराठीतूनच ऐकतात. भद्रश्रवा राजा, सुरतचंद्रिका राणी आणि शामबाला त्यांना माहेरच्या माणसांसारखी ओळखीची झाली आहेत.

जिन्यातच भाची माझ्या कानाला लागली. पाळी आली होती. मी म्हटलं, "बोलू नकोस काही, एवढं काय त्यात." हा माझा भेकडपणा. पुण्याच्या माझ्या घरात मी हे सगळं कधीच सोडून दिलंय, पण मामीच्या उंबऱ्यावर पाय ठेवला की मी चौदा वर्षांची होते. भाचीला असले उंबरे नाहीत. मामीने कुंकवाचा करंडा उचलला तशी तिने सरळ सांगून टाकलं.

मामी क्षणभर थांबली. रागावली वगैरे नाही. "बरं केलंस सांगितलंस. मग बाहेरच्या खोलीत बस हं बाळ. केळं, सफरचंद तिकडेच आणून देते." आणि कहाणी मात्र तिने बाहेर ऐकू जावी म्हणून मोठ्याने वाचली. धाप लागली तरी आवाज खाली आणला नाही. मला मधल्या दारातून दोघी दिसत होत्या. एक पोथीवर वाकलेली, दुसरी सोफ्यावर ताठ, लालबुंद.

रात्री रजईत शिरल्यावर भाची म्हणाली, "मावशी, मी दोन दिवस सगळ्यांना विचारते, मानता का, मानता का. मला कुणी विचारलंच नाही मी मानते का. मला फक्त विचारलं, कुठे शिवलीस का."

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. पण पुढचे चार दिवस तिचं हे वाक्य माझ्या मागे मागे फिरलं.

शुक्रवार, १३ डिसेंबर

सकाळी घंटेने जाग आली. मामी असेल म्हणून डोकावले तर देव्हाऱ्यासमोर मामेभाऊ, आमचा दादा! कमरेला पंचा, वर स्वेटर, हातात पळी. ताम्हनात बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शाळिग्राम, खंडोबाचा टाक.

हे दृश्य किती अशक्य आहे ते सांगायला हवं. दादा आयुष्यभर लाल झेंड्याचा माणूस. विमा कंपनीच्या युनियनमध्ये पस्तीस वर्षं. मुंजीतलं जानवं कॉलेजच्या पहिल्या वर्षी काढलं, लग्न रजिस्टर केलं, मामांच्या तेराव्यावरून मामीशी वर्षभर अबोला धरला. मी विचारलं, "हे कधीपासून?"

"आईला दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी खाली बसायला बंदी केली तेव्हापासून."

भाचीने संधी साधली. "मामा, तू देव मानतोस?"

"नाही."

"मग?"

दादाने बाळकृष्णाला पुसलं, इवलंसं निळं वस्त्र गुंडाळलं. "अगं, मानत नाही म्हणून देव पारोसे ठेवता येतात का?"

पारोसा हा शब्द तिला माहीत नव्हता. आंघोळ न केलेला, असं मी सांगितलं. तिने तो मोबाइलमध्ये लिहून घेतला. आतून मामीचा आवाज: "चंदन जाड नको लावू, मागच्या वेळी डोळे बुजले होते त्याचे."

नाश्त्याला बेडई आणि बटाट्याची झणझणीत भाजी. भाचीने प्यू या अमेरिकन संशोधन संस्थेची २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी वाचून ठेवली होती. भारतात जवळपास तीस हजार लोकांशी सतरा भाषांत बोलून केलेली. देवावर विश्वास आहे म्हणणारे ९७ टक्के, रोज प्रार्थना करतो म्हणणारे ६०. तिने आकडे वाचून दाखवले. मामीने पुरी तळता तळता झारा दादाकडे रोखला. "उरलेले तीन टक्के आमच्याकडे जेवायला असतात."

दादा हसला, पण मग त्याने जे सांगितलं त्याने भाचीचा घास हातात राहिला. २०११ च्या जनगणनेला प्रगणक दारात आला होता. धर्म विचारल्यावर दादा म्हणाला, लिहा, काही नाही. स्वयंपाकघरातून मामी ओरडली, "हिंदू! सगळे हिंदू!" प्रगणकाने दोघांकडे पाहिलं आणि आवाज मोठा ज्याचा त्याचं लिहिलं. त्या गणनेत धर्म न सांगितलेले देशभरात २८ लाखांच्या वर निघाले, एकूण लोकसंख्येच्या पाव टक्काही नाही. दादाचं त्यात असण्याचं भाग्य हुकलं. भाचीने उठून त्याच्याशी हात मिळवला. लीड्सचा टेबल आणि जनकगंजचा टेबल एकाच रकान्यावर भांडलेले निघाले.

मग किल्ला. गाडीचा रस्ता उरवाई दरवाजाकडून आहे, पण आम्ही ग्वाल्हेर दरवाजाकडून पायी चढलो, कारण मला चतुर्भुज मंदिर दाखवायचं होतं. चढणीवर, एका अख्ख्या खडकात कोरलेलं, दोन ढांगांत संपणारं. जगभरचे गणितवाले इथे येतात ते शून्यासाठी. आत भिंतीवर इसवी सन ८७६ चा लेख आहे आणि त्यातल्या २७० आणि ५० या आकड्यांत आपलं आजचं गोल शून्य स्पष्ट दिसतं. भाचीने शून्याचा फोटो काढला आणि निघालीच होती.

मी तिला थांबवलं. लोक शून्य बघतात आणि वाक्य वाचत नाहीत. तो लेख कशाचा आहे? देवासाठी दिलेल्या बागेचा. बाग २७० हात लांब, १८७ हात रुंद. आणि ५० कशाचे, तर माळांचे. माळ्यांनी देवाला रोज पन्नास माळा द्यायच्या. दिव्याच्या तेलाची जबाबदारी तेल्यांवर. म्हणजे ज्या शून्यापुढे आपण एवढे नतमस्तक होतो ते एका हिशेबाच्या वहीतलं आहे. देव आहे की नाही याचा तिथे ऊहापोह नाही, फुलं कोण आणणार हे मात्र पक्कं ठरवलेलं. दान वरच्यांचं, पाळी माळ्यांची. हेही त्याच दगडात आलं.

भाची पायरीवर बसली. तिला शेजारच्या बाई आठवल्या होत्या, लीड्सच्या. ऐंशीच्या पुढच्या. चर्चमध्ये फुलं सजवायची बायकांची पाळी लावलेली असते, तिथे या बाई वर्षानुवर्षं जात. हिने त्यांनाही आपला प्रश्न विचारला होता. त्या म्हणाल्या, देवाचं मला नक्की सांगता येणार नाही गं, पण तिसऱ्या रविवारी माझी पाळी असते. पुढे पाळीच्या यादीत तीनच नावं उरली, मग दोन. आता त्या इमारतीत मुलांना भिंत चढायला शिकवतात, दोरखंड बांधून.

"आधी देव गेला की आधी पाळी गेली?" तिने विचारलं. मला वाटतं ते तिने मला विचारलं नव्हतं.

वर सास-बहू मंदिर, तेली का मंदिर, मानमंदिराची निळी बदकं हे सगळं आम्ही बघितलं, पण ते कुठल्याही पुस्तकात मिळेल. मला सांगायचंय ते दाता बंदी छोड गुरुद्वाऱ्याचं. जहांगीरने गुरू हरगोबिंदांना या किल्ल्यात कैद केलं होतं. सुटका झाली तेव्हा ते एकटे बाहेर पडायला तयार होईनात. त्यांच्या अंगरख्याचे पदर धरून बावन्न राजे बाहेर पडले, अशी आठवण शीख परंपरा सांगते. आम्ही लंगरात शिरलो. भाचीने पोळ्या लाटणाऱ्या एका काकांना आपला प्रश्न टाकला. ते म्हणाले, "पहले दस रोटी बेल दे, फिर बताता हूँ." तिने लाटल्या. नकाशे झाले. काकांनी ते तव्यावर टाकले, फुगले नाहीत तरी टोपलीत ठेवले, आणि प्रश्नाचं उत्तर द्यायचं ते विसरले.

खाली उतरताना ती म्हणाली, "इथे मला कुणी बाहेर बसवलं नाही."

"शिखांमध्ये तो विटाळ मानत नाहीत."

"म्हणजे न मानता येतं." तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी उरवाईच्या कड्यातल्या जैन मूर्तींकडे बोट दाखवलं. पंधराव्या शतकात तोमर राजांच्या काळी कोरलेल्या, एकेक पाच-सहा माणसं एकावर एक उभी करावीत एवढ्या. बाबराने या फोडायला लावल्या आणि तसं स्वतःच लिहून ठेवलं. विषय बदलायला एवढ्या मोठ्या मूर्ती बऱ्या पडतात.

शनिवार, १४ डिसेंबर

दत्तजयंती. घरात सकाळपासून घेवड्याच्या शेंगा मोडण्याचा कार्यक्रम. दत्ताच्या नैवेद्याला घेवडा लागतोच आणि ग्वाल्हेरच्या सब्जीमंडीत मराठी घेवडा कुणाकडे मिळतो हे मामीला चाळीस वर्षांपासून ठाऊक आहे. दादा आदल्या दिवशी स्कूटरवर जाऊन घेऊन आला. (लाल झेंड्याचा माणूस घेवडा निवडून घेतो, कोवळा बघून, हेही मी नोंदवून ठेवते.)

लष्कर म्हणजे मुळात छावणी. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला तो कायमचा झाला, म्हणून शहराच्या या भागाचं नावच लष्कर. सरदार, शिलेदार, कारकून, भिक्षुक, गवई सगळे दक्षिणेतून आले आणि येताना आपापले देव घेऊन आले. दोनशे वर्षांत भाषा पातळ झाली. दादाची नात मराठीत हिंदी बोलते. पण कुळाचार घट्ट राहिला. चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत, बोडणाला पाच सवाष्णी, गौरी उभ्या की खड्याच्या यावरून अजून वाद. मला हे कौतुकाचंही वाटतं आणि थोडं दमवणारंही. कारण हे सगळं दोनशे वर्षं उचलून धरणारे हात कुणाचे ते स्वयंपाकघरात गेल्यावर दिसतं. गेली साठ वर्षं मामी दत्ताच्या सप्ताहात गुरुचरित्र ऐकते आहे. बायकांनी ते वाचू नये म्हणतात, म्हणून तिने कधी पोथी हातात घेतली नाही. ऐकून ऐकून पाठ झालंय. वाचणारे गुरुजी अडखळले की पुढची ओवी ती सांगते. हे कुठल्या पाहणीत कुठल्या रकान्यात बसवणार?

संध्याकाळी जवळच्या दत्तमंदिरात गेलो. भाची म्हणाली, मी अंगणात मांडवातच बसेन, आजीला त्रास नको. मला जरा भरून आलं, तेवढ्यात ती पुढे म्हणाली, "पण हे मला पटलेलं नाही, हे तिला मी जायच्या आधी सांगणार."

मंडपात गर्दी म्हाताऱ्यांची असेल अशी माझी समजूत होती. होतीही. पण कडेने उभे होते ते कोचिंग क्लासच्या पाठपिशव्या लटकवलेले मुलगे, ऑफिसमधून परस्पर आलेल्या मुली, आणि एक पोरगा पाठीवर जेवण पोचवायची चौकोनी लाल पिशवी घेऊन. त्याचा फोन दर मिनिटाला टिंग करत होता. सूर्यास्ताला जन्म झाला, गुलाल उडाला, पाळण्याची दोरी हातोहात फिरली. त्याने दोरीला हात लावला, सुंठवड्याची पुडी खिशात टाकली आणि कुणाचा तरी पनीर टिक्का थंड व्हायच्या आत पळाला. दानपेटीवर क्यूआर कोड चिकटवलेला. भाचीने पोराला दारात गाठलं होतं. "मानता का?" त्याने सांगितलं, "दीदी, इधर से निकलता हूँ तो हो जाता है."

हो जाता है. मराठीत आपण म्हणतो, "देवाचं झालं का?" झालं, केलं, राहिलं, चुकलं. आमच्या सगळ्या क्रिया या अशा. 'मानणं' हा शब्द घरात ऐकू येतो तो बहुतेक भांडणात.

बाहेर आलो तर भाचीचे बूट गायब. लीड्सहून आणलेले, महागाचे. ती अनवाणी, थंडगार फरशीवर एका पायावर उभी. मला कसंतरी झालं, पण आजूबाजूच्या तीन अनोळखी बायकांचे चेहरे खुलले. "शनिवारी गेले ना? फार चांगलं! पनवती गेली म्हणायची." एकीने तर मनापासून अभिनंदन केलं. साडेसाती कधीपासून आहे याची चौकशी झाली. इंग्लंडमध्ये चोरी झाल्यावर पोलीस तक्रारीचा नंबर देतात, भाची म्हणाली, इथे शुभेच्छा देतात.

महाराज बाड्यावरून साडेतीनशे रुपयांचे बूट घेतले. त्याच बाड्याला लागून गोरखी आहे, शिंद्यांचं जुनं ठिकाण, देवघर असलेलं. महादजी शिंद्यांची बीडच्या मन्सूरशाह या सूफी संतांवर फार श्रद्धा होती आणि शिंदे घराण्याने त्यांचा मान पुढे चालवला. बीडचा पीर आणि जेजुरीचा खंडोबा एकाच लष्करातून उत्तरेला आले. त्या सैन्यात कुणी कुणाला रकाने विचारले असतील असं वाटत नाही.

रविवार, १५ डिसेंबर

तानसेन समारोहाचा पहिला दिवस, आणि यंदाचा शंभरावा समारोह. १९२४ मध्ये माधवराव शिंद्यांच्या काळात हा तानसेनाचा उरूस म्हणून सुरू झाला. संध्याकाळच्या मोठ्या मैफलींना सगळे जातात. दादाने मात्र आम्हाला सकाळीच हजिऱ्याला, तानसेनाच्या कबरीपाशी नेलं. "संध्याकाळी गाणं असतं," तो म्हणाला, "समारोह सकाळी असतो."

सूफी संत मोहम्मद गौस यांची ती मोठी, दगडी जाळ्यांची कबर आणि बाजूला तानसेनाची साधी, उघड्यावरची. शेजारी चिंच. तिची पानं खाल्ली की गळा सुरेल होतो म्हणून लोकांनी जुनं झाड ओरबाडून संपवलं, आताचं नंतरचं. भाचीने एक पान खाल्लं, तोंड वेडंवाकडं केलं.

आधी सनई. मग ढोलीबुवांची हरिकथा. कबरीसमोर! अंगरखा, पगडी, चिपळ्या, मागे पेटी-तबला. नारदीय वळणाचं कीर्तन, पण भाषा हिंदी. ढोलीबुवांचा मठ ग्वाल्हेरचाच आणि ही सेवा परंपरेने त्यांच्याकडे. ती संपली की त्याच ठिकाणी मीलाद. मौलाना येऊन बसले, नबीची स्तुती झाली, मग चादर. हे शंभर वर्षं या क्रमाने चालू आहे आणि यावर कुणी भाषण केलं नाही हे मला सगळ्यात आवडलं. क्रमच आहे, तर भाषण कशाला?

आता जे खटकलं तेही. हरिकथा संपल्यावर पुढच्या रांगांतले बरेच जण चहाला उठले. मीलादच्या वेळी जे येऊन बसले ते आधी बाहेर उभे होते. सतरंजी एक, पण माणसं पाळीपाळीने. दादा म्हणाला, "इथे निदान सतरंजी तरी एक आहे. आमच्या गल्लीत वरचा मजला भाड्याने द्यायची वेळ येऊ दे, मग बघ सर्वधर्मसमभाव किती भाडं देतो." प्यूच्या त्या पाहणीतही हेच आलं आहे म्हणे: दुसऱ्या धर्माचा आदर हवा असं बहुतेक सगळे म्हणतात आणि राहायला, लग्नाला, मैत्रीला आपलीच माणसं धरतात. भाचीने मान हलवली. आकडे आणि अनुभव जुळल्याचा तिला फारसा आनंद झाला नाही.

घरी आल्यावर दादाची नात नागरिकशास्त्राचा अभ्यास करत होती. पुस्तकाच्या पहिल्या पानावर उद्देशिका. हिंदीत शब्द आहे 'पंथनिरपेक्ष'. मी म्हटलं, आम्ही शाळेत मराठीत वाचलं ते 'धर्मनिरपेक्ष'. पोर म्हणाली, आत्या, तुमचं चुकलं. तिला मोबाइलवर मराठी उद्देशिका काढून दाखवली. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने इंग्रजीत यासाठी 'सेक्युलर' हा शब्द घातला. हिंदीने पंथ बाजूला ठेवला, मराठीने धर्म. जनकगंजातल्या या घरात दोन्ही भाषा बोलतात, तेव्हा हे घर नेमकं कशापासून निरपेक्ष, यावर जेवणापर्यंत वाद रंगला. मामी म्हणाली, "जेवणापासून तरी नाही ना? मग पानं घ्या."

पानावर भाचीने सांगितलं ते दादालाही नवं होतं. इंग्लंडमध्ये राजा हाच तिथल्या चर्चचा प्रमुख. वरिष्ठ सभागृहात सव्वीस बिशप आपल्या पदामुळे बसतात. सरकारी शाळांत रोज सामूहिक प्रार्थना घ्यावी असा कायदा आहे, पाळला जातोच असं नाही. म्हणजे राज्य देवाचं आणि लोक निघून चाललेले. आणि इथे राज्याने कागदावर अंग काढून घेतलेलं, तर गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. दादाने बराच वेळ भात कालवला. "तुमच्याकडे देवाला सरकारी नोकरी आहे," शेवटी म्हणाला, "म्हणून लोक रांगेत उभे राहत नाहीत." विमा कंपनीत पस्तीस वर्षं काढलेला माणूस हे म्हणतो म्हणजे अनुभवाचा बोल. आमचं राज्य कागदावरचं अंग प्रत्यक्षात कितपत बाहेर ठेवतं, हा वाद मग त्याने स्वतःशीच सुरू केला, आणि आम्ही ताक प्यायलो.

सोमवार, १६ डिसेंबर

पहाटे इतकं धुकं की समोरच्या गच्चीवरची टाकीसुद्धा दिसेना. भाची न्हाऊन आली तर मामी देव्हाऱ्याशी खुर्ची टाकून बसलेली, दादा ताम्हन मांडत होता.

"आज पाचवा दिवस ना तुझा?" मामीने विचारलं. म्हणजे ती मोजत होती. "ये, देवाला फूल वाहा."

मला वाटलं, आता होणार. भाचीने शब्द जुळवले. "आजी, मी नाही वाहणार. गुरुवारी मी चालत नव्हते तर आज पण नको. मला ते बरोबर वाटलं नाही."

घड्याळाची टिकटिक ऐकू आली. दादाने पळी खाली ठेवली. मामीने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.

"बरं," ती म्हणाली. "मला माझ्या सासूने चार दिवस गोठ्यात बसवलं होतं. मी तुला सोफ्यावर बसवलं. तू तुझ्या सुनेला कुठे बसवायचं ते तू बघ." आणि मग, लगेच, "वाहू नको, पण तेवढी जास्वंद तोडून आण परसातली. वरच्या फांदीला माझा हात पोचत नाही आणि हा सगळ्या कळ्या ओरबाडतो."

भाची गेली. धुक्यात तिचा लाल स्वेटर हलताना दिसत होता. सात फुलं आणली. मामीने मोजून पाच घेतली, दोन तिच्याच हातात परत दिली आणि शेजारच्या गुप्ताबाईंकडे देऊन यायला सांगितलं, त्यांच्याकडे सोमवारी महादेवाला लागतात.

गाडी दुपारची, म्हणून मधल्या वेळात फूलबाग. माधवराव शिंद्यांनी एकाच बागेच्या आवारात गोपाळ मंदिर, मोती मशीद, गुरुद्वारा आणि थिऑसॉफिकल लॉज अशी सोय करून ठेवली आहे. राजाने आखलेली टापटीप, मला संग्रहालयासारखी वाटते. जिवंत पाहायचं तर अचलेश्वर. हा महादेव भर रस्त्यात बसला आहे. वाट काढायला पिंड हलवायचा प्रयत्न झाला, हत्ती लावले, साखळ्या तुटल्या, देव हलला नाही असं सांगतात. आजही वाहतूक दोन्ही बाजूंनी वळून जाते. सोमवार असल्याने रांग रस्त्यावर आलेली. रिक्षावाल्याने वळण घेता घेता हँडल सोडून एक हात छातीला लावला, दुसऱ्याने हॉर्न वाजवला. त्याच्या रिक्षावर मागे ७८६ लिहिलेलं होतं. भाचीने त्याला काही विचारलं नाही. काल दुपारनंतर तिने तो प्रश्न कुणालाच विचारलेला नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

घरी परत येऊन सामान बांधलं. गजकचे चार डबे, घेवड्याच्या बिया पुडीत, माझ्यासाठी साडी. मामीने दोघींच्या तळहातावर दही-साखर ठेवली. भाचीने वाकून नमस्कार केला, मग मामीला इंग्रजी पद्धतीने घट्ट मिठीही मारली. मामीचा पदर विस्कटला, तिला ते आवडलेलं दिसलं.

दाराशी रिक्षा उभी. भाचीने पाठपिशवी खांद्यावर चढवली. "चला मामा, जाते मी."

"जाते म्हणू नये," दादा फटकन म्हणाला. "येते म्हणावं."

ती थांबली. त्याच्याकडे बघत राहिली. भुवई वर.

"सामान घे," दादा म्हणाला, "गाडी चुकेल."